रोशनीबाईची पेटी

बारा वर्षं त्या घराला एकच नाव होतं. गोंडपिपरीच्या बाजारातून तलावाकडे वळलं की तिसरं घर रोशनीबाईचं. उन्हाळ्यात विहिरीवरची मोटर जळाली की शेतकरी ती पोत्यात गुंडाळून मोटरसायकलला मागं बांधायचा आणि थेट तिच्या ओसरीवर आणून ठेवायचा. आमच्या शाळेच्या बोअरची मोटरही तिनंच दोनदा नवी तार गुंडाळून भरून दिली, तेव्हापासून माझं तिच्याकडे जाणं-येणं आहे. ही हकिकत मला बरीचशी तिनं सांगितली, थोडी तिच्या नवऱ्यानं, अमरनं. एक-दोन गोष्टी माझ्या डोळ्यांसमोर घडल्या.

रोशनी मूळची वैनगंगेकाठच्या गावची. वडील बाबुलाल मासेमारी करणारे, नदीत आणि गावतलावात जाळं टाकणारे. दहावीनंतर तिनं चंद्रपूरच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचा कोर्स घेतला. वर्गात वीस मुलगे आणि ही एकटी मुलगी. पुढं वर्षभर ती एका पॅनल बनवणाऱ्या कारखान्यात शिकाऊ म्हणून होती. तिथले दसरूभाऊ नावाचे जुने फोरमन वायर वाकडी गेलेली दिसली की न बोलता ती उपटून काढायचे आणि पुढच्या कामाला लागायचे. रोशनीच्या हाताला वळण लागलं ते तिथं.

लग्न होऊन ती गोंडपिपरीला आली. अमरचे वडील तलावातल्या मासेमारीसाठी लाकडी डोंगे बनवायचे. ते गेल्यावर अमर दारं, देव्हारे आणि दिवाण करू लागला. हात चांगला, पण माणूस अबोल. गिऱ्हाईक यायचं ते रोशनीकडे. ओसरीवर रंधा मारत बसलेल्या अमरला लोक विचारायचे, "रोशनीबाईचे मालक का तुमी?" तो हसून मान हलवायचा. त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटलं नाही. रोशनीला तर नाहीच नाही.

तीन वर्षांपूर्वी अमरनं मोबाइलवर सीएनसी राउटर पाहिला. संगणकावर नक्षी काढायची, आणि मशीन ती लाकडात स्वतः कोरतं. त्यानं ते घरी बनवायचं मनावर घेतलं. दोन हिवाळे त्यात गेले. चौकोनी लोखंडी पाइपांचा सांगाडा उभा राहिला, त्यावर पार्सलनं मागवलेले रूळ आणि लांब स्क्रू बसले. सासू कमळाबाई येता-जाता म्हणायच्या, "घरात पलंग बनवून राह्यला का डोंगा, काई समजत नाई बाप्पा."

सांगाडा तयार झाला तेव्हा अमरनं एक मोठं खोकं रोशनीपुढं ठेवलं.

"आता हे तू पाहा."

खोक्यात कंट्रोल पॅनलचं सगळं सामान सुटं होतं. मशीनचे तिन्ही अक्ष हलवणाऱ्या स्टेपर मोटरींचे ड्रायव्हर, एक कंट्रोल बोर्ड, पॉवर सप्लाय, कॉन्टॅक्टर, आणि कोरणारी मुख्य मोटर फिरवायला एक मोठी ड्राइव्ह. स्टेपर मोटर रोशनीनं आधी हातात घेतली नव्हती. तिला माहीत होत्या पाण्याच्या मोटरी. वीज दिली की फिरतात, काढली की थांबतात. ही मोटर टिचक्या मारत फिरणारी. तिनं आठवडाभर वाचलं, पाहिलं, दसरूभाऊंना फोन केले, कागदावर नकाशा काढला आणि खोडला. मग रिकामी लोखंडी पेटी टेबलावर ठेवून कामाला हात घातला.

अकरा दिवस लागले. पेटीच्या डाव्या बाजूला तिनं जड वीज घेतली आणि उजवीकडे बारीक सिग्नलच्या वायरी. दोन्ही एका चॅनलमधून, म्हणजे झाकणाच्या एकाच नाळीतून, जाऊ दिल्या नाहीत. कुठं ओलांडायची वेळ आलीच तर काटकोनात ओलांडल्या. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना नंबरची बारीक नळी घातली आणि लग, म्हणजे धातूची छोटी टोपी, दाबून बसवला. मुख्य मोटरीची केबल जाळीची घेतली आणि तिची जाळी अर्थिंगच्या पट्टीला जोडली. ती मोठी ड्राइव्ह चालू असताना एक गोंगाट करते, मला तिनं समजावलं होतं. आपल्या कानाला तो ऐकू येत नाही, पण शेजारच्या बारीक वायरींना येतो, आणि मशीनला भलताच निरोप मिळतो. तो गोंगाट जमिनीत सोडून द्यायचा. त्यासाठी तिनं घरामागं मुरमात खोल खड्डा खणवला, कोळसा-मिठाचे थर दिले, तांब्याची पट्टी आत सोडली. मुरूम लवकर कोरडा पडतो, म्हणून रोज सकाळी त्या खड्ड्यात एक बादली पाणी. ते काम ती स्वतः करायची. अंगण झाडण्यासारखंच ते, कुणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

पहिल्यांदा वीज दिली तेव्हा मी तिथं होतो. ड्रायव्हर सुटे ठेवून तिनं आधी मीटरनं एकेक ठिकाणचा विजेचा दाब पाहिला. मग एकेक ड्रायव्हर जोडला. दुसरा अक्ष उलटा पळाला. तिनं मोटरीच्या दोन वायरींची अदलाबदल केली आणि तो सरळ आला. मशीननं फळीवर पहिलं मोहाचं पान कोरलं तेव्हा अमरनं आईचे दोन्ही हात धरून तिला गरकन फिरवलं. रोशनी पेटीचं दार उघडं ठेवून आत पाहत उभी होती. अमर आला, म्हणाला, "धूळ जाईल ना वो," आणि त्यानं दार लावून घेतलं.

मग लोक यायला लागले. गावातले आले, मग बाहेरचे. चालत्या मशीनसमोर उभे राहून मोबाइलवर शूटिंग करायचे. लाकडाचा भुसा उडतोय, सागवानातून हरीण वर येतंय, हे पाहताना कुणाचं लक्ष भिंतीवरच्या राखाडी पेटीकडे जाणार? अमर सगळ्यांना समजावून सांगायचा. अबोल माणूस बोलायला लागला होता. "हा रूळ, हा स्क्रू, ही मोटर." पेटीकडे हात करून म्हणायचा, "अन् हे कंट्रोल." पुढं जायचा.

रोशनी ओसरीवर मोटरीत तार भरत ते ऐकायची. तिनं मला नंतर सांगितलं, "मास्तर, मले पयल्यांदा वाटलं गर्मीनं होऊन राह्यलं. छातीत कसं तरी व्हाचं. मंग समजलं, हे तं जळणं आहे. अन् कोनावर? आपल्याच मानसावर."

एकदा एक म्हातारा शेतकरी जळालेली मोटर घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभा होता. त्यानं रोशनीलाच विचारलं, "बाई, सीएनसीवाल्या अमरभाऊचं घर कोनतं? तिथी मोटर भरते म्हने कोनी."

कोनी! बारा वर्षांत तालुक्यातल्या निम्म्या विहिरींचं पाणी तिच्या हातानं वर आलं होतं, आणि ती आता 'कोनी' झाली होती. तिनं घर दाखवलं, मोटर घेतली, भरून दिली. त्या दिवशी अमरनं कौतुकानं नवा कोरलेला देव्हारा दाखवला तेव्हा ती म्हणाली, "कोपरा तुटला आहे." कोपरा तुटलेला नव्हता. अमर बोट फिरवून फिरवून तो शोधत राहिला.

एप्रिलमध्ये चंद्रपूरला एका संस्थेनं घरी बनवलेल्या यंत्रांचं प्रदर्शन भरवलं. अमर मशीन टेम्पोत घालून घेऊन गेला. पेटी सुटी करून परत जोडायला रोशनी गेली, सोबत दहा वर्षांची मुलगी आचल. दुसऱ्या दिवशी अमरला स्टेजवर बोलावून शाल-श्रीफळ दिलं. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी माइक पुढं केला.

"अमरजी, एवढं मशीन तुम्ही एकट्यानं बनवलंत?"

रोशनी तिसऱ्या रांगेत बसली होती. तिला अमरचा चेहरा स्वच्छ दिसत होता. तो क्षणभर थांबला. त्यानं रांगेकडे पाहिलंसुद्धा.

"हो जी," तो म्हणाला. "एकट्यानंच."

टाळ्या वाजल्या. आचलनं आईकडे पाहिलं आणि विचारलं, "आई, पेटी तं तू बनवली ना?" रोशनीनं तिला गप्प बसवलं.

चार दिवसांनी पेपरात फोटो आला. अमर पेटीवर हात ठेवून उभा होता, आणि पेटीचं दार बंद होतं. कमळाबाईंनी फोटो कापून देवाजवळ लावला. रोशनीला रोज दिवा लावताना तो दिसायचा.

घरी तिनं त्याबद्दल एक शब्द काढला नाही. अमरही बोलला नाही. पण तिचं लक्ष आता त्याच्या प्रत्येक फोनवर असायचं. कोण त्याला भाऊ म्हणतं, कोण सर म्हणतं, कोण त्याला आलापल्लीला बोलावतं आणि कोण नागपूरला. एका फोनवर तो म्हणाला, "वायरिंगचं काई टेन्शन नाई, होऊन जाते." होऊन जाते! रोशनीनं हातातलं तारेचं रीळ इतक्या जोरात खाली ठेवलं की ते ओसरीवरून घरंगळत अंगणात गेलं.

मे महिन्यात शाळेला सुट्ट्या लागल्या आणि ती आचलला घेऊन माहेरी निघाली. दरवर्षी चार दिवस जायची. या वेळी बॅगेत पंधरा दिवसांचे कपडे भरले. निघायच्या दिवशी सकाळी तिनं खड्ड्यात बादलीभर पाणी टाकलं. बादली पालथी घालताना तिच्या मनात आलं की उद्यापासून हे कोण टाकेल. अमर आत मशीनवर एटापल्लीच्या एका गुरुजींच्या दाराची सागवानी फळी बसवत होता. त्याला हाक मारायला काय लागत होतं? ती बॅग उचलून निघाली. बसमध्ये खिडकीशी बसल्यावर परत आठवलं. मोबाइल हातातच होता. तिनं तो पिशवीत टाकला.

"मनात म्हनलं, एकट्यानं बनवली ना, तं एकट्यानं सांभाळा," असं ती मला म्हणाली. ते सांगताना ती माझ्याकडे पाहत नव्हती.

पारा शेहेचाळीसवर होता. मुरूम सुकायला वेळ लागला नाही.

पाचव्या दिवशी अमरचा फोन आला.

"मशीन मधातच थांबून राह्यली वो. कोरता कोरता बंद. लिमिटचा अलार्म देते."

रोशनीला कारण फोनवरच कळलं. अक्ष टोकाला पोचला की मशीन थांबवणाऱ्या लिमिटच्या स्विचना गोंगाट ऐकू जायला लागला होता.

"तुमीच पाहा," ती म्हणाली. "तुमीच बनवली ना."

अमरनं "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. ते 'बरं' तिला गोड लागलं. तिनं माझ्यापासून हेही लपवलं नाही.

सातव्या दिवशी कळलं, गुरुजींच्या दाराची फळी वाया गेली. मशीन थांबलं, परत सुरू केलं, नक्षी अर्ध्या बोटानं सरकली आणि हरणाच्या मानेतून चर गेला. आठव्या दिवशी अमर म्हणाला, "झिंगूले बोलावलं आहे. त्यानं खोलली पेटी."

झिंगू गावातला वायरमन. मंडपाची लायटिंग करायचा, घरांची फिटिंग करायचा, कामाला वाईट नव्हता. पण तो तिची पेटी उघडून बसलाय हे ऐकल्यावर रोशनीच्या अंगाचा तिळपापड झाला. नवऱ्याचं नाव झालं तेव्हा जितकी जळली नव्हती, तितकी ती झिंगूच्या बोटांवर जळली. कोणत्या वायरीला हात लावला? चॅनलचं झाकण नीट काढलं की स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलं? विचारायची सोय नव्हती. तिनं फक्त "खोलू द्या" म्हटलं, आणि दिवसभर आईशीही धड बोलली नाही.

नवव्या दिवशी सकाळी ती वडिलांबरोबर नदीवर गेली होती. बाबुलाल वाळूवर बसून जाळ्यातले काटे-कुटे काढत होते. अमरचा फोन आला.

"झिंगू म्हनते तो नवा ब्रेकर सारखा पडून राह्यला, म्हून त्यानं तो काढून डायरेक्ट केला. आता पडत नाई. पण मशीनच्या फ्रेमले हात लावला का मुंग्या येऊन राह्यल्या. मायले तं चांगलाच झटका बसला..."

रोशनी उभी राहिली. तो ब्रेकर तिनं मुद्दाम बसवला होता. वीज गळून माणसाच्या अंगात जायला लागली की तोडणारा. ब्रेकर पडत होता तो माणसांना वाचवायला. आता तोही नव्हता, आणि गळलेली वीज जमिनीत नेणारा खड्डा कोरडा होता.

"मेन बंद करा," ती ओरडली. "आताच्या आता. फोन चालू ठेवा अन् मेन बंद करा. कोनी हात लावू नका मशीनले. झाली का बंद? माय कशी आहे?"

"ठीक आहे. बसली आहे. काऊन, काय झालं?"

"मांगच्या खड्ड्यात पाणी टाका. पाच-सहा बादल्या टाका. मी येऊन राह्यली."

तिनं फोन ठेवला. बाबुलालनं जाळं बाजूला सारलं.

"पाणी टाकाले सांगतलं नव्हतं का त्याले?"

"नाई, बाबा."

"भुलली का?"

ती वाळूतल्या चपला पायात घालायला लागली. बाबुलालनं पुढं विचारलं नाही. वाळूतून सायकल ढकलत वर आणली आणि तिला मागं बसवून फाट्यापर्यंत सोडलं. आचल आजीजवळ राहिली. बस येईपर्यंत बाबुलाल तिच्याबरोबर उन्हात उभे राहिले, एवढंच.

घरी पोचल्यावर ती आधी सासूजवळ गेली. कमळाबाई खाटेवर बसून दही-पोहे खात होत्या. "झिणझिण झालं बाप्पा, कोपरापर्यंत," असं त्यांनी सांगितलं आणि हात उघडमीट करून दाखवला. रोशनीनं तो हात आपल्या हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. कमळाबाईच म्हणाल्या, "अवं, खाऊ दे ना मले."

मग ती शेडमध्ये आली. पेटीचं दार सताड उघडं होतं. जड वायरी आणि बारीक वायरी एकाच चॅनलमध्ये कोंबलेल्या. वायरी बांधलेले पट्टे कापलेले. नंबरच्या नळ्या फरशीवर पडलेल्या, कुणी पायानं एका कोपऱ्यात सारलेल्या. काही जोडांवर काळी चिकटपट्टी. झिंगू स्टुलावर बसून चहा पीत होता.

"बाई, एवढे नंबर काऊन घातले वो?" त्यानं सरळ मनानं विचारलं. "वायर तं वायरच राह्यते."

"झिंगूभाऊ," रोशनी म्हणाली, "चहा झाला का?"

"झाला."

"मंग या तुमी."

तो गेला. अमर दाराशी उभा होता. कपडे भिजलेले, कारण पाच-सहा सांगितल्या होत्या आणि त्यानं दहा बादल्या टाकल्या होत्या. रोशनीनं काढून टाकलेला ब्रेकर शोधला, परत जोडला, टेस्ट लॅम्प लावून अर्थिंग तपासलं. दिवा भक्कन पेटला. खड्डा जागा झाला होता. ती लॅम्पच्या वायरी गुंडाळत असताना अमरनं विचारलं,

"पाण्याचं तुले मालूम होतं?"

"होतं."

"जातानाही?"

"जातानाही. बसमध्येही. तुमी पयल्यांदा फोन केला तेवाही."

अमर खाली बसला. भुश्यातच बसला.

"माही माय मेली असती, रोशनी."

"हो," ती म्हणाली. तो उठून बाहेर गेला.

दोन दिवस तो तिच्याशी बोलला नाही. जेवायला यायचा, ताट सरकवायचा, निघून जायचा. रोशनीनं पेटी रिकामी केली. सगळ्या वायरी काढल्या, खराब झालेल्या फेकल्या, नकाशा पुढं ठेवून पहिल्यापासून सुरुवात केली. राग कुणावर काढावा हेही तिला कळेना. झिंगूवर काढावा तर त्याला पेटीत हात घालायची वेळ तिनंच आणली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी अमर येऊन शेजारी बसला. फरशीवरच्या नंबरच्या नळ्या गोळा करून तो ओळीनं लावायला लागला. एक, दोन, तीन. सतरा सापडेना म्हणून फळ्यांच्या मागं हात घालून शोधली. मग नळ्यांकडेच पाहत बोलायला लागला.

"स्टेजवर तुहं नाव तोंडात आलं होतं. भुललो नव्हतो मी."

रोशनीचा हात थांबला.

"बारा वर्सं मी 'रोशनीबाईचा मालक' होतो," तो म्हणाला. "बाजारात, लग्नात, कुठीही. माह्या हातचा देव्हारा घेऊन जाते अन् म्हनते, रोशनीबाईच्या घरून आनला. मी हासत जाओ. त्या दिवशी वाटलं, एकदा तरी नुसतं माहं नाव राहू दे. घरी येऊन तुले सांगीन म्हनलं. मंग तोंडच नाई झालं."

"बारा वर्सं?" रोशनीनं विचारलं. "एकदाही बोलले नाई?"

"काय बोलू? बायकोचं नाव होऊन राह्यलं अन् मले पोटात दुखून राह्यलं, असं सांगू?"

रोशनीला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. बारा वर्षं तो ओसरीच्या दुसऱ्या टोकाला रंधा मारत तेच सोसत होता, जे तिला चार महिनेसुद्धा सोसवलं नाही. त्यानं तिच्या कामात कधी खोट काढली नव्हती. तिनं मात्र न तुटलेला कोपरा तुटला म्हणून सांगितलं होतं. ते तिनं त्याला तेव्हाच सांगून टाकलं.

"तुटला नव्हता?" अमर म्हणाला. "अवं, मी तो पुरा देव्हारा घासून काढला!"

पेटी पाच दिवसांत परत उभी राहिली. अमर नळ्या देत गेला, रोशनी घालत गेली. गुरुजींचं दार पहिल्या पावसाच्या आत कोरून गेलं. झिंगूकडे रोशनी स्वतः जाऊन आली, त्या दिवशी हाकलल्याबद्दल बोलली आणि तो ब्रेकर का काढायचा नसतो ते समजावलं. कमळाबाईंना खरं काय घडलं ते तिनं महिन्याभरानं सांगितलं. म्हातारी आठवडाभर तिच्या हातचा चहा प्यायली नाही. नंतर प्यायला लागली.

पेपरात तिचं नाव काही आलं नाही. अमरनं त्या वार्ताहराला फोन करून सांगितलं, पण तो म्हणाला, बातमी जुनी झाली. कात्रण अजून देवाजवळ आहे.

पावसाळ्यात धानोऱ्याच्या एका महिला गटाचा फोन आला. बांबूच्या आणि लाकडाच्या वस्तू करणाऱ्या बाया, त्यांना असंच मशीन हवं होतं. अमर म्हणाला, "सांगाड्याचं मी पाहतो, पेटीचं तिच्याशीच बोला," आणि फोन रोशनीकडे दिला. तिला बरं वाटलं. आणि त्याच दमात हेही वाटलं की हा आता दान केल्यासारखं देऊन राह्यला. तिनं ते त्याला बोलून दाखवलं. तो म्हणाला, "मंग हिसकून घेत जा, काय करू मी." दोघं त्यावर बरंच भांडले. मी ओसरीवर बसलो होतो; मला वाटतं, मी आहे हे ते विसरले होते.

धानोऱ्याला पेटी बसवायला ती सहा दिवस राहिली. गटाची प्रमुख नंदिनी, पंचविशीची, आयटीआय वगैरे काही न केलेली, शेजारी बसून पाहत होती. तिसऱ्या दिवशी रोशनीनं तिला एक चॅनल करायला दिला. नंदिनीनं वायरी अशा आखल्यासारख्या बसवल्या की रोशनीला एकही उपटावी लागली नाही. स्वतः रोशनीला तिथवर यायला दसरूभाऊंच्या हाताखाली आठ महिने लागले होते.

"लय जळली मी, मास्तर," ती परत आल्यावर मला म्हणाली. "एकही वायर वाकडी नाई! मनात आलं, आता हिले पुढचं सांगूच नाई. मंग सांगतलं. सगळंच सांगतलं."

नंदिनी पुढच्या महिन्यात पंधरा दिवस शिकायला गोंडपिपरीला येणार आहे. मागच्या रविवारी मी गेलो तेव्हा रोशनी एक पार्सल फोडत होती. आत लग दाबायची नवी कोरी पक्कड होती. मी विचारलं, जुनी बिघडली का?

"बिघडली नाई," ती म्हणाली. "हे नंदिनीसाठी आहे. माही पक्कड मी कोनाले देत नाई."